पोस्टरची नळी घेऊन लायडेनला

लायडेन हे नेदरलँड्समधलं विद्यापीठाचं गाव. विद्यापीठ १५७५ सालचं, त्या देशातलं सर्वांत जुनं. स्किपोल विमानतळाच्या पोटातूनच रेल्वे सुटते आणि वीसेक मिनिटांत लायडेनला पोचवते. स्टेशनच्या एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचं अवाढव्य रुग्णालय. त्या रुग्णालयात दर दोन वर्षांनी देशोदेशीचे वैद्यकीय विद्यार्थी आपापलं संशोधन मांडायला जमतात. मांडणारे विद्यार्थी आणि परिषद भरवणारेही विद्यार्थीच. अशीच एक परिषद दरवर्षी जूनमध्ये त्याच देशात ग्रोनिंगेनला भरते.

मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजातून, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी लायडेनला गेले होते. तेव्हापासून ज्युनिअर मुलामुलींचे फोन येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा व्हिसाचा, दुसरा खर्चाचा. दोन्हींबद्दल पुढे लिहिते. पण या सगळ्याची सुरुवात वर्षभर आधी, ओपीडीत एखादी गोष्ट मनाला खटकते तेव्हा होते, आणि ज्युनिअर्सनी मला त्याबद्दल जास्त विचारावं असं फार वाटतं.

आधी एक फरक सांगते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनांचा एक जागतिक महासंघ आहे. १९५१ मध्ये कोपनहेगनला त्याची स्थापना झाली. त्याच्या सर्वसाधारण सभा वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑगस्टमध्ये, वेगवेगळ्या देशांत होतात. तिथे देशोदेशीचे प्रतिनिधी ठराव मांडतात, मतदान करतात, विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचे करार करतात. तिथे जायचं तर आपल्या देशातल्या सदस्य संघटनेमार्फत जावं लागतं. लायडेनसारखी परिषद संशोधनाची असते. तिथे कुणी पाठवावं लागत नाही, तुमचं काम निवडलं गेलं पाहिजे.

आणि तिसरा प्रकार फसवणुकीचा. ‘आदरणीय डॉक्टर, आमच्या जागतिक परिषदेत प्रमुख वक्ते म्हणून या’ अशा ईमेल विद्यार्थ्यांनासुद्धा येतात. हैदराबादच्या अशाच एका कंपनीला अमेरिकेतल्या न्यायालयानं २०१९ मध्ये पाच कोटींहून जास्त डॉलर भरायचा आदेश दिला होता. ओळखायचं कसं? परिषदेमागे खरं विद्यापीठ उभं आहे का, मागच्या वर्षीचं गोषवाऱ्यांचं पुस्तक बघायला मिळतं का, आपल्या कॉलेजातलं किंवा ओळखीतलं कुणी जाऊन आलंय का, हे तपासा. गोषवारा पाठवल्यावर दोन दिवसांत ‘अभिनंदन, फी भरा’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

माझा प्रश्न मेडिसिनच्या ओपीडीतला. इन्सुलिनवर असलेल्या काही रुग्णांची साखर एप्रिल-मेमध्ये वर जायची. डोस तोच, जेवण तेच. न उघडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. वापरात असलेली साधारण २५-३० अंशांपर्यंत चारेक आठवडे चालते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. एका आजींना विचारलं, इन्सुलिन ठेवता कुठे? त्या म्हणाल्या, “फ्रीज शेजारणीचा गं पोरी. ती लेकीकडे गेली की तिच्या घराला कुलूप.” मग प्रत्येकालाच विचारायला लागले. कुणी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत होतं, कुणी माठाला टेकवून, कुणी ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात.

हा काय संशोधनाचा विषय आहे का, असं मला तेव्हा वाटत होतं. पी.एस.एम. विभागातल्या माझ्या गाइड मॅडमनी डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव काढलं. कोकणात विंचू चावलेली माणसं हृदय निकामी होऊन दगावतात, हे बावस्करांनी महाडच्या परिसरात खाटेशेजारी बसून टिपलं, रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यांना दिलं आणि ते काम १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गावातला प्रश्न जगानं वाचला, कारण तो नीट मोजून आणि नीट मांडून आला होता. विषय फॅशनचा असायची गरज नाही. तो तुमच्या डोळ्यांदेखतचा असला तर त्यावर तुमच्याइतकं ठामपणे दुसरं कुणी बोलू शकत नाही.

प्रश्न सापडला की तो कागदावर उतरवायचा. त्यालाच प्रोटोकॉल म्हणतात: काय शोधायचं, कुणाला विचारायचं, किती जणांना आणि ती संख्या कशावरून काढली. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चची १९७९ पासून चालत आलेली एक योजना आहे, विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनाची. कॉलेजात सगळे तिला एसटीएस म्हणतात. प्रस्ताव मंजूर झाला तर विद्यावेतन मिळतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रस्ताव लिहायची शिस्त लागते.

त्यानंतर एथिक्स कमिटी. पुष्कळ मुलं हिला एक सही मिळवायची जागा समजतात, त्याचं मला वाईट वाटतं. नियमाप्रमाणे या समितीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, एखादे कायद्याचे जाणकार आणि एक साधी नागरिक व्यक्तीही असते. आमच्या बैठकीत त्या नागरिक सदस्यानंच विचारलं, “घरी गेल्यावर इन्सुलिन खराब झालेलं दिसलं, तर तुम्ही नुसतं लिहून घेणार का?” त्या एका प्रश्नानं प्रोटोकॉल बदलला. बाटली संशयास्पद वाटली तर तिथल्या तिथे सांगायचं आणि ओपीडीतून नवी मिळवून द्यायची, अशी ओळ त्यात आली. संमतिपत्र मराठीत हवं, तेही आजींना वाचून दाखवलं तर समजेल अशा मराठीत. मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी एकही फॉर्म भरायचा नाही. परदेशातली परिषद त्या पत्राचा क्रमांक मागते, आणि मागची तारीख घालून हे प्रकरण निभत नाही.

माहिती गोळा झाली, आकडे तपासले, मग ॲबस्ट्रॅक्ट. म्हणजे गोषवारा, साधारण तीनशे शब्दांत. पार्श्वभूमी, पद्धत, निष्पत्ती, निष्कर्ष. परीक्षकांसमोर तो नावाशिवाय जातो, तुमचं कॉलेज कुठलं हे त्यांना कळत नाही. मोठ्या नावाच्या संस्थेत नसलेल्या मुलांना हे कळलं तर किती बळ येईल! पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न स्पष्ट झाला पाहिजे. ‘निकालांची चर्चा परिषदेत केली जाईल’ असं लिहिलेला गोषवारा बाजूला पडतो. निकाल तिथेच, आकड्यांसह हवेत, आणि टक्केवारीमागे एकूण संख्या हवी. मॅडमनी माझ्या मसुद्यातली विशेषणं एकेक करून काढली. मुदत युरोपच्या घड्याळाप्रमाणे असते, ते आधी बघून ठेवायचं.

निवड झाल्याचं पत्र येतं त्यात तोंडी सादरीकरण की पोस्टर, हे लिहिलेलं असतं. पोस्टर मिळालं म्हणून खट्टू होऊ नये. का, ते पुढे कळेल.

आता व्हिसा. नेदरलँड्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला एरवी १५ दिवस, पण कधी ४५ दिवसही लागू शकतात. शिवाय व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळणं हाच मोठा अडसर असतो. त्यामुळे पत्र आल्याच्या आठवड्यात कामाला लागा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा. फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो. बाकी कागद: आयोजकांचं निमंत्रण, कॉलेजचं बोनाफाईड, डीन ऑफिसची एनओसी, राहण्याची सोय, परतीचं बुकिंग, आणि खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र. शेतकरी घरात विवरणपत्र नसतं. तेव्हा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बँकेतले व्यवहार हे सगळं इंग्रजी भाषांतरासह आणि एका साध्या, खऱ्या पत्रासह जोडावं. नुसत्या व्हिसासाठी खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका, स्टेटमेंटमध्ये ती लगेच डोळ्यात भरते.

खर्चात सर्वांत मोठा वाटा विमानाच्या तिकिटाचा. नोंदणी फीमध्ये सवलत मिळेल का, हे आयोजकांना सरळ विचारावं. तेही विद्यार्थीच आहेत. कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाला अर्ज द्यावा. मागण्यात कमीपणा नाही.

हजेरीचं विसरू नका. परीक्षेला बसायला थिअरीत ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतात. पोस्टिंग कुठल्या विभागात असेल ते बघून, तिथल्या एचओडींना आधी भेटून लेखी रजा घ्यावी.

पोस्टर बहुधा ए-झीरो आकाराचं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. आडवं की उभं, हे सूचनांत लिहिलेलं असतं. फ्लेक्स जड होतो आणि चकाकतो. कापडावर छापलं तर घडी घालून सॅकमध्ये बसतं. कागदावर छापलं तर नळी घ्यावी आणि ती विमानात जवळच ठेवावी. दीड मीटरवरून वाचता येईल एवढी अक्षरं, दोन आलेख, एक छायाचित्र. मी ओल्या वाळूतल्या मडक्याचा फोटो मधोमध लावला होता, घरमालकिणीची लेखी परवानगी घेऊन. लोक त्या फोटोपाशी थांबायचे.

प्रत्यक्ष परिषदेत सकाळी मोठ्या सभागृहात व्याख्यानं, मग छोट्या दालनांत सादरीकरणं, दुपारी कार्यशाळा. टाके घालणं, अल्ट्रासाउंड अशा कार्यशाळांच्या जागा चटकन भरतात, नावनोंदणी सुरू होताच करावी. दुपारचं जेवण म्हणजे पाव आणि चीज. सोबत नेलेला चिवडा फार कामाला आला.

परिषदेचा खरा जीव मला पोस्टरसमोर दिसला. परीक्षक एका पोस्टरवरून दुसऱ्यावर जातात, मागोमाग त्या गटातले विद्यार्थी. तुम्हाला काही मिनिटं बोलायला मिळतात, मग प्रश्न. पाठ केलेलं भाषण इथे टिकत नाही, कारण समोरचा माणूस हातभर अंतरावर उभा असतो आणि मध्येच आलेखावर बोट ठेवतो. घरं कशी निवडली? फ्रीज असलेल्या घरांतही साखर वाढली असेल तर ती उन्हामुळे कशावरून? औषध घ्यायचं राहून गेलं नाही हे कसं कळलं? प्रश्न पूर्ण ऐकावा, नाही कळला तर पुन्हा विचारायला सांगावं. इंग्रजी तिथे बहुतेकांचीच परकी भाषा असते, त्यामुळे सावकाश बोलणाऱ्याचं ऐकून घेतात. जे अभ्यासात नाही ते ‘नाही’ म्हणून सांगितलं की परीक्षक पुढे जातात. ओढूनताणून दिलेल्या उत्तरावर मात्र अडून राहतात.

तोंडी सादरीकरणात प्रश्नांची वेळ संपली की संपली. पोस्टरपाशी परीक्षक गेल्यावरही लोक येत राहतात. तशीच केनियाची एक मुलगी आली. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली, आमच्याकडेही मातीच्या भांड्यात ठेवतात. उत्तर केनियातल्या दादाब इथल्या निर्वासित छावणीतल्या तापमानावरून झालेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तिनं मला दाखवला. छावणीत दिवसरात्र २५ ते ३७ अंशांमध्ये तापमान खालीवर होत राहतं, तसंच प्रयोगशाळेत ठेवून पाहिलं तर इन्सुलिन चार आठवडे चांगलं टिकलं होतं. मग तिनं विचारलं, “तुमच्या मडक्यात किती अंश असतात?” आमचा अभ्यास लोक इन्सुलिन कसं ठेवतात याचा होता, तापमानाचा नव्हता. आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून, कुठला तापमापक स्वस्तात मिळेल आणि दर तासाची नोंद कशी ठेवता येईल, याचा आराखडा काढत बसलो.

परिषद संपल्यावर सगळे ॲमस्टरडॅमला धावतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी लायडेनचं बुरहावे संग्रहालय बघा. इमारत म्हणजे एकेकाळचं सेसिलिया रुग्णालय. तिथे अठराव्या शतकात हर्मन बुरहावे बारा खाटांवर, सहा पुरुष आणि सहा स्त्री रुग्णांच्या शेजारी उभे राहून विद्यार्थ्यांना शिकवत. त्यांचे विद्यार्थी ती पद्धत व्हिएन्ना आणि एडिंबरोला घेऊन गेले, आणि आपल्या वॉर्डात सकाळी राउंडला आपण जे उभे राहतो त्याचा एक धागा त्या बारा खाटांपर्यंत जातो. याच गावात आइंटहोवननं हृदयाचा विद्युत आलेख नीट टिपणारं यंत्र बनवलं. ते इतकं अवजड होतं की रुग्णाकडे नेता येईना. म्हणून १९०५ मध्ये दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेनं हृदयाचे ठोके प्रयोगशाळेत आणले. १९२४ चं नोबेल त्यालाच मिळालं. आपण ईसीजीत वाचतो ती पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्याचीच.

परत आल्यावर प्रमाणपत्राची प्रत विभागात द्यायची, रजेचे कागद पूर्ण करायचे आणि महिन्याभरात पूर्ण लेख लिहायला घ्यायचा. गोषवारा निवडला गेला म्हणजे संशोधन प्रसिद्ध झालं असं नव्हे. आणि पोस्टरसमोर आलेले प्रश्न डोक्यात ताजे असतात तोवरच लेखातला चर्चेचा भाग चांगला उतरतो. मी ते प्रश्न त्याच रात्री वहीत लिहून ठेवले होते. तापमानाचा अभ्यास हा नवा अभ्यास, त्यामुळे त्याला नवा प्रोटोकॉल आणि एथिक्स कमिटीची नवी मंजुरी लागली. तोवर माझी फायनलची परीक्षा आली होती, म्हणून खालच्या बॅचमधल्या दोघांनी एसटीएसला तो प्रस्ताव दिला. पुढच्या मे महिन्यात तापमापक घेऊन त्याच गावांत तेच फिरले. मडकं कसं पुरायचं ते त्यांना आजींनी दाखवलं.