लोखंडाचा हिशेब चौरस फुटात बसत नाही
महाड-पोलादपुरात घर बांधणाऱ्यांनी सळयांचे गणित समजून घेणे का आवश्यक आहे?

घर बांधायला काढले की कंत्राटदाराला पहिला प्रश्न दराचा विचारला जातो आणि दुसरा 'लोखंड किती लागेल?' हा. उत्तर बहुधा चौरस फुटात मिळते. बांधकाम क्षेत्राच्या प्रत्येक चौरस फुटामागे साडेतीन ते साडेचार किलो, हा ठोकताळा सर्रास सांगितला जातो. सपाट जमिनीवरील साध्या, एक-दोन मजली घराचे अंदाजपत्रक मांडण्यापुरता तो चालतोही. पण पुराच्या पातळीवर उचललेल्या महाडमधील घराला किंवा डोंगरउतारावर बांधलेल्या पोलादपूर तालुक्यातील घराला तो लावला, तर हिशेब चुकतो. चुकीचा हिशेब भरून काढण्यासाठी मग साइटवर जी काटकसर होते, ती काँक्रीटच्या आत कायमची झाकली जाते.

मुळात सळई लागते कशासाठी? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेलेला महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल दगडी कमानींचा होता. कमानीत दगडावर येतो तो मुख्यतः दाब, आणि दाब सोसण्यात दगड पटाईत. आडवी तुळई मात्र भाराखाली वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट ताणाला फार कमकुवत. तो ताण पेलण्याचे काम सळई करते. म्हणूनच एकूण किती किलो लोखंड आणले यापेक्षा ते कोठे, किती अंतरावर आणि किती जाडीचे बसवले याला अधिक महत्त्व आहे.

सळईचे वजन काढण्याचे सूत्र सोपे आहे. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे. एका मीटरचे वजन किलोत मिळते. ८ मिमीची सळई मीटरला ०.३९५ किलो, १० मिमीची ०.६१७, १२ मिमीची ०.८८८ आणि १६ मिमीची १.५८ किलो भरते. (साइटवर आजही सुतात बोलतात. तीन सूत म्हणजे साधारण १० मिमी, चार सूत म्हणजे १२ आणि पाच सूत म्हणजे १६ मिमी.)

आता तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीचा, १२५ मिमी जाडीचा स्लॅब घेऊ. आखूड दिशेने १० मिमीच्या सळया १५० मिमी अंतरावर टाकल्या, तर २८ सळया लागतील. दोन्ही बाजूंच्या तुळयांवरील टेकू धरून प्रत्येकीची लांबी ३.४ मीटर, म्हणजे सुमारे ५९ किलो. लांब दिशेने त्याच अंतरावर ८ मिमीच्या २१ सळया, प्रत्येकी ४.४ मीटर, म्हणजे साडेछत्तीस किलो. एकूण सुमारे ९५ किलो. तुळयांवरून जाणाऱ्या वरच्या सळया, खुर्च्या आणि कापण्यातील तूट वेगळी. हे केवळ उदाहरण आहे. सळयांचे अंतर आणि जाडी ठरविण्याचा अधिकार स्ट्रक्चरल इंजिनीअरचाच. मात्र त्याच्या नकाशावरून ही बेरीज-गुणाकार कोणालाही करता येते.

खरी गंमत कॉलममध्ये आहे. जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडमध्ये घर उंच उचलण्याचा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. समजा, २३० बाय ४५० मिमीचे १२ कॉलम आहेत आणि प्रत्येकात १६ मिमीच्या आठ सळया आहेत. सळयांचे वजन मीटरला साडेबारा किलोंवर जाते. ८ मिमीच्या रिंगा १५० मिमी अंतरावर धरल्या, तर आणखी तीन-सव्वातीन किलो. म्हणजे कॉलमच्या दर मीटरला सुमारे १६ किलो. घर अडीच मीटर उचलले की १२ कॉलमना मिळून ४८० किलो लोखंड वाढले, आणि राहण्याची जागा एका चौरस फुटानेही वाढली नाही! सळया जोडताना एकमेकींवर चढवाव्या लागतात, त्याचे वजन निराळेच. व्यासाच्या ५० पट जोड धरला तर १६ मिमीला ८०० मिमी, म्हणजे एका मजल्याला एका कॉलममागे दहा किलो. चौरस फुटाच्या दरात हे कोठेच दिसत नाही. शिवाय कॉलम उंच झाला की त्याचे डिझाइनही पुन्हा तपासावे लागते.

पोलादपूरच्या उतारांवर अडचण वेगळी. तेथे एकाच घराचे पाये वेगवेगळ्या पातळीवर येतात. डोंगराकडचे कॉलम आखूड आणि दरीकडचे लांब होतात. भूकंपात आखूड कॉलमवर अधिक जोर येतो, त्यामुळे तेथे रिंगा जवळजवळ लागतात. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झालेले कोयनानगर सह्याद्रीच्या याच रांगेत आहे, हे विसरून चालणार नाही. मातीचा दाब अडविणारी काँक्रीटची भिंत हवी असेल, तर तिचे लोखंड घराच्या हिशेबात मिसळू नये, स्वतंत्र काढावे.

यावर उपाय म्हणजे इंजिनीअरकडून 'बार बेंडिंग शेड्यूल' मागून घेणे. प्रत्येक सळईचा व्यास, आकार, कापण्याची लांबी, नग आणि वजन दाखविणारा हा तक्ता. 'जास्त घाला, मजबूत होईल' हा सल्लाही ऐकू नये. सळयांची दाटी झाली की काँक्रीट आत शिरत नाही आणि पोकळ्या राहतात. भारतीय मानक ४५६ नुसार कॉलममध्ये लोखंड छेदाच्या किमान ०.८ टक्के हवे, तसेच ते ६ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. प्रत्यक्षात चार टक्क्यांपुढे जाऊ नये असे मानतात.

माल आल्यावर वजनकाट्याच्या पावतीवर थांबू नये. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.६५ किलो भरायला हवी. मानक १७८६ प्रमाणे या जाडीच्या एका नमुन्यात सहा टक्क्यांपर्यंतची घट चालते, त्याहून अधिक नाही. सळया बारीक असतील तर टनाचा आकडा जुळेल, नग जास्त येतील. पण नकाशाप्रमाणे नग मोजून बसविल्यावर प्रत्येक ठिकाणी ताकद कमी पडेल.

महाडच्या काजळपुरा भागातील 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेची जबाबदारी कोणाची, हा न्यायालयाचा विषय आहे. उभ्या इमारतीत मात्र आतले लोखंड तपासायचे तर उपकरणे आणावी लागतात, प्रसंगी काँक्रीट फोडावे लागते. स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी तीच तपासणी टेप आणि तक्ता हातात घेऊन तासाभरात होते. सळयांचे नग, दोहोंतील अंतर, रिंगांची टोके आत वळलेली आहेत की नाहीत आणि खाली कव्हर ब्लॉक लावले आहेत की नाहीत, एवढे इंजिनीअरसमवेत पाहावे, छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मगच मिक्सर सुरू करू द्यावा.