निवृत्तीनंतरचा हिशेब – भाग ७ : नोकरीची तारीख कोणती धरायची?

गेल्या आठवड्यात आपण उपदानाचा हिशेब पाहिला. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागले, पण शाळा किंवा तुकडी शंभर टक्के अनुदानावर आली त्या तारखेनंतर, अशा शिक्षकांचा प्रश्न आज घेऊ.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न का उभा राहतो, ते शहराच्या वाढीतच दिसते. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या घरात असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मुले वाढली, वर्ग हवे झाले. पण सरकार परवानगी देत होते ती विनाअनुदान तत्त्वावर. २००१ पासून तर त्यापुढे ‘कायम’ हा शब्दही लागला आणि तो निघायला २००९ उजाडले. मग अनुदान आले तेही टप्प्याटप्प्याने: आधी २० टक्के, मग ४०, ६०, ८०. तोवर संस्था देईल त्या पगारावर शिक्षक शिकवत राहिले. हजेरीपट तोच, अभ्यासक्रम तोच, दहावीची परीक्षाही तीच.

३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने दुसऱ्या दिवसापासून नेमल्या जाणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली आणि अंशदान योजना आली. नेमणूक त्याआधीची असेल तर जुनी पेन्शन मिळणार, असे कुणालाही वाटेल. खासगी अनुदानित शाळांच्या बाबतीत मात्र सरकारने नेमणुकीच्या जोडीला शंभर टक्के अनुदानाची अटही धरली. म्हणजे २००३ साली फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या बाई २०१२ मध्ये शंभर टक्क्यांवर आल्या, की पेन्शनच्या लेखी त्यांची आधीची नऊ वर्षे पुसली गेली.

रकमेत हे किती पडते? समजा, त्या बाईंचे शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये. जुन्या योजनेत निम्मे, म्हणजे ३०,००० रुपये आणि त्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता. अंशदान योजनेत बारा वर्षांत २० लाख साठले असे धरू. त्यातले १२ लाख हाती येतील, उरलेल्या ८ लाखांची वार्षिकी घ्यावी लागेल. साडेसहा टक्के दराने तिचे महिन्याला साधारण ४,३०० रुपये होतात, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. १२ लाख ही रक्कम मोठी दिसते. घरात एक मोठे आजारपण आले की ती किती दिवस पुरते, हे वेगळे सांगायला नको.

जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या मार्चमध्ये केलेल्या सात दिवसांच्या संपानंतर सरकार थोडे हलले. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने, भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नेमणूक नंतरची, अशा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. हे योग्यच झाले. भरतीला उशीर सरकारने केला, त्याची शिक्षा उमेदवाराला कशाला? मग तोच न्याय इथे का नाही? त्या तारखेला जो कामावर नव्हता त्याला पेन्शन मिळू शकते आणि जो वर्गात शिकवत होता त्याला नाही, हे कुठल्याच तर्कात बसत नाही. अनुदानाला उशीर शिक्षकाने केलेला नाही.

न्यायालयात या शिक्षकांना सरसकट यश आलेले नाही, हे खरे. उलट जुलै २०२० मध्ये ‘अनुदानित शाळा’ची व्याख्याच मागील तारखेपासून बदलणारा मसुदा निघाला होता, शिक्षकांनी कडाडून विरोध केल्यावर तो मागे घेण्यात आला. तरीही १७ डिसेंबर १९८२ चा नकारा खटल्याचा निकाल विसरता येत नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने तेव्हा स्पष्ट केले होते, की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची मेहेरबानी नव्हे. ती केलेल्या सेवेतून मिळवलेली असते. सेवा झाली होती की नाही, एवढेच मग पाहायला हवे.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने स्वीकारलेल्या एकीकृत पेन्शन योजनेनेही हा प्रश्न मिटत नाही. पूर्ण ५० टक्क्यांसाठी तिथे २५ वर्षांची सेवा लागते. ती कुठून मोजायची, हा वाद पुन्हा तिथेच येतो.

आता कागदांकडे वळू. वैयक्तिक मान्यतेचे पत्र आधी शोधा. त्यात मान्यतेचा दिनांक आणि ‘विनाअनुदान तत्त्वावर’ किंवा ‘अंशतः अनुदानित’ असे शब्द असतात. दोन्ही नीट वाचा. सेवापुस्तकातली पहिली नोंद त्या पत्राशी जुळते का, ते पाहा. शाळेचे प्रत्येक टप्प्याचे अनुदान आदेश मुख्याध्यापकांकडून साक्षांकित करून घ्या. मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. भाईंदरहून ठाण्याच्या जिल्हा परिषदेत जायचे म्हणजे घोडबंदर रस्त्याची कोंडी, नाही तर दादरला गाडी बदलून उलटा फेरा. साठीच्या माणसाला एका कागदासाठी पुन्हा तिथे जावे लागू नये.

पुढच्या भागात अंशराशीकरण: पेन्शनचा किती भाग विकावा आणि पंधरा वर्षांनी तो परत कसा मिळतो.