बैलाच्या दातांवर लिहिलेलं वेळापत्रक

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठावर अकलोली वसलंय. गावाची ओळख गरम पाण्याच्या कुंडांची. शेजारीच वज्रेश्वरी, तिची यात्रा चैत्र अमावास्येला भरते. या पट्ट्यात भात कापून झाला की खाचरं मोकळी होतात, आणि ठाणे-रायगडच्या गावागावांत बैलगाड्यांच्या शर्यतींची बोलणी सुरू होतात. इथली लाडकी शर्यत म्हणजे ‘बिनजोड’. दोनच गाड्या, समोरासमोर. पहिला पाऊस पडला, चिखल झाला, की हंगाम आटोपला.

शर्यत म्हटलं की डोळ्यांपुढं वेग येतो. पण शौकिनांच्या गप्पा ऐकल्या तर वेगाच्या वाट्याला चार वाक्यं येतात. बाकी सगळा वेळ दोनच प्रश्नांवर जातो: तारीख कधीची, आणि नियम कोणता? गंमत म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरनं पळणाऱ्या फॉर्म्युला वन मोटारींचे चाहतेही याच दोन गोष्टींवरून डोकं धरून बसलेले असतात.

आधी तारखेचं पाहू. फॉर्म्युला वनचं वेळापत्रक एकाच ठिकाणी ठरतं. २०२४ मध्ये त्यात पहिल्यांदाच २४ शर्यती बसवल्या, तेव्हा संघातली माणसं वर्षभर विमानातच राहायची का, अशी कुरकुर झाली. आपल्याकडचं वेळापत्रक ठरवतो चंद्र. शर्यत यात्रेला जोडलेली आणि यात्रा तिथीला. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती. त्या एका दिवशी किती गावांची जत्रा! मग गाडामालकापुढं पेच: बैल एक, आवतणं चार. मारुतीची तिथी काही कुणासाठी पुढं सरकत नाही.

आता नियमाचं. मैदानातल्या नोंदणीच्या टेबलाजवळ जरा उभं राहा. एकजण बैलाचं तोंड धरतो, अंगठ्यानं खालचा ओठ ओढतो आणि वाकून आत बघतो. बैलाच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतातच. तिथं नुसती कडक हिरडी. खाली मात्र आठ. सगळे दुधाचे असतील तर तो ‘आदत’. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून तिथं रुंद, पक्के दात येतात, झाला ‘दुसा’. पुढची जोडी बदलली की ‘चौसा’. पाचेक वर्षांत आठही दात पक्के होतात. पश्चिम महाराष्ट्राच्या मैदानांत याच दातांवरून गट पडतात, म्हणजे कोवळ्या खोंडाला थोराड बैलाशी झुंजावं लागत नाही. जन्मदाखला नाही, आधार नाही. वयाचा पुरावा जनावर स्वतःच्या तोंडात घेऊन फिरतं!

फॉर्म्युला वनमध्ये ओठ ओढायचं काम वजनकाटा करतो. २०२४ च्या बेल्जियममधल्या शर्यतीत जॉर्ज रसेल पहिला आला. नंतर गाडी काट्यावर चढवली, तर किमान ७९८ किलोच्या नियमाला दीड किलो कमी भरली. पहिला नंबर गेला.

पण काटा आणि दात बरे. त्यांचा अर्थ एकच निघतो. घोटाळा शब्द करतात. १२ डिसेंबर २०२१ ला अबुधाबीत मोसमाची शेवटची शर्यत होती. विजेतेपदाचे दोन दावेदार, हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेन, यांचे गुण समसमान. अपघातामुळं सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांचा वेग आवरणारी गाडी, ट्रॅकवर आली. एक फेरी मागं पडलेल्या गाड्यांनी पुढं निघून जावं, असा नियम होता. पण शर्यत संचालकांनी फक्त पाचच गाड्या सोडल्या, नेमक्या या दोघांच्या मधल्या. शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपेन पुढं निघाला आणि जगज्जेता झाला. मोठा वाद झाला तो नियमातल्या ‘एनी’ या शब्दावर: त्यातून ‘काही’ असा अर्थ काढायचा की ‘सगळ्या’? पुढच्या मोसमात तो शब्द खोडून ‘ऑल’ लिहिला गेला.

आपल्याकडंही एका शब्दानंच हंगाम थांबला होता. खेळ-प्रदर्शनात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या केंद्र सरकारच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. जुलै २०११ मध्ये त्यात ‘बैल’ जोडला गेला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. शेपट्या पिरगाळणं, टोचणं, मारणं हे न्यायालयापुढं आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. २०१७ मध्ये राज्यानं शर्यतींना मुभा देण्यासाठी कायदा दुरुस्त केला, तर उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींची वाट मोकळी केली ती १६ डिसेंबर २०२१ ला. अबुधाबीच्या त्या शेवटच्या फेरीनंतर चौथ्या दिवशी! १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदाही वैध ठरवला.

आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव हजार मीटरच्या आत, पशुवैद्याची तपासणी हवी, चाबूक-काठी बंद. तरी अडथळे सरले असं नाही. २०२२ मध्ये शर्यती जोमात येताहेत तोवर जनावरांचा लम्पी रोग आला, आणि जनावरांचे बाजार, जत्रा, शर्यती पुन्हा थांबल्या. या वेळी वेळापत्रक विषाणूनं ठरवलं.

या दोन खेळांत एक फरक मात्र मिटणारा नाही. शर्यत रद्द झाली तर मोटार गॅरेजात ठेवता येते. वर्षभरानं काढली तरी ती तीच मोटार असते. बैल थांबत नाही. त्याला रोज वैरण लागते, रोज फिरवावं लागतं. बंदीच्या दिवशी जो दोन वर्षांचा आदत खोंड होता, तो २०२१ मध्ये वाट मोकळी झाली तेव्हा साडेनऊ वर्षांचा झाला होता. मालकानं त्याच्यावर किती जीव लावला, न्यायालयात किती तारखा पडल्या, याची त्याच्या दातांना काही खबर नव्हती. दुसा, चौसा करत सगळे गट तो गोठ्यातच ओलांडून गेला.

नियम हवेतच; मुक्या जनावराच्या बाबतीत तर जास्तच हवेत. फक्त ते एकदाच, नीट आणि वेळेत लिहावेत. सात वर्षं सात महिने ही माणसाच्या कज्जात किरकोळ मुदत असेल. बैलाची ती उभी तरुणाई असते.