बिनधुराची सिगडी

मुलीचे लग्न झाले, गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आणि बाईंनीही शाळेची नोकरी सोडली. तीस वर्षांत फक्त दोघांनीच असे कुठे जाणे झाले नव्हते. म्हणून जानेवारीत नाशिकचे हे जोडपे मनालीजवळच्या एका गावात पाच दिवस राहायला गेले. सफरचंदाच्या बागेत देवदारी लाकडाची खोली, समोर बर्फाची शिखरे आणि खाली बियास नदी. पहिले तीन दिवस हवे तसे गेले. उशिरा उठायचे, व्हरांड्यात ऊन खायचे, दुपारी तूप सोडलेला गरम सिड्डू. बाई तर म्हणाल्या, की इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

चौथ्या दिवशी दोघे अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जाऊन आले. संध्याकाळी बर्फ पडू लागले आणि वीज गेली. खोलीतला हीटर बंद, गादीवरचे विजेचे ब्लँकेटही गार. कॉटेज सांभाळणारा मुलगा भला होता. त्याने लोखंडी अंगीठीत रसरसलेले निखारे आणून दिले आणि सांगितले, ‘अंकलजी, धुआँ निकल गया है, अब चिंता नहीं.’ दार लावले, पडदे ओढले, दाराखालच्या फटीतून वारा येत होता तिथे टॉवेल सरकवला.

तासाभरात दोघांचेही डोके दुखू लागले. बाईंना मळमळले. ‘अहो, गरगरतंय मला,’ त्या म्हणाल्या. ‘अगं, एवढ्या उंचावर जाऊन आलो ना आज. विरळ हवा बाधली असेल,’ गृहस्थ म्हणाले. कोविडपासून बॅगेत असलेले ऑक्सिमीटर काढले. त्यांचा आकडा 98, बाईंचा 97. मग काळजी कसली? दोघांनी पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि रजईत शिरले.

यातले प्रत्येक पाऊल समजण्यासारखे आहे, आणि प्रत्येक चुकीचे आहे.

आधी निखाऱ्यांचे पाहू. ओले लाकूड जळते तेव्हा धूर होतो, डोळे चुरचुरतात, ठसका लागतो आणि माणूस खिडकी उघडतो. निखारा असा इशारा देत नाही. कोळशाला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, की त्याचे ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर संपला म्हणजे धोका संपला, हा समज म्हणूनच घातक आहे. वर राख धरलेला, विझत आल्यासारखा दिसणारा निखाराही तासन् तास हा वायू सोडत राहतो. सिगडीशेजारी पाण्याची बादली ठेवण्याचाही उपयोग नाही, कारण हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तो जमिनीलगत साचून राहतो असेही नाही. हवेइतकाच हलका असल्याने खोलीभर पसरतो.

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण थोडे असले तरी रक्तातल्या जागा तो एकेक करून बळकावतो. मेंदू आणि हृदयाची उपासमार सुरू होते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथेच फसवते. ते प्रकाशाच्या आधारे रक्ताचा रंग वाचते, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच लाल दिसते. आकडा 98, आणि माणूस गुदमरतो आहे.

विरळ हवेचे म्हणाल, तर तो त्रास साधारणपणे 2,500 मीटरच्या वर सुरू होतो. मनाली 2,000 मीटरच्या आसपास आहे. सिस्सू 3,000 मीटरहून उंच असले तरी तिथे दोघे जेमतेम दोन-तीन तास होते. खरी खूण दुसरीच होती. एकाच खोलीतल्या दोघांचे डोके एकाच तासात दुखू लागले, तर संशय डोंगरावर नाही, खोलीवर घ्यायचा. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर उत्तर जवळपास मिळालेच.

कुलू खोऱ्यातल्या जुन्या काठकुणी घरांत, म्हणजे दगड आणि लाकडाचे थर एकावर एक रचलेल्या घरांत, खाली गुरे बांधत आणि माणसे वर राहत. गुरांची ऊब मिळे आणि फटींतून हवाही खेळती राहत असे. आजही तिथे खोली तापवायला ज्याला ‘तंदूर’ म्हणतात ती लोखंडी शेगडी असते, आणि तिचे धुराडे छपराबाहेर काढलेले असते. धुराडे साफ असेल तर ती बरी. पण पर्यटकांसाठी बांधलेल्या, काचा घट्ट बसवलेल्या खोलीत धुराडे नसलेली अंगीठी नेणे ही वेगळीच गोष्ट झाली. गॅसच्या हीटरचेही तेच. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक रिसॉर्टच्या खोलीत दगावले. त्यांत चार मुले होती. थंडी म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावलेला होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या.

नाशिकच्या जोडप्याला वाचवले ते बाईंच्या मधुमेहाने. पहाटे तीनच्या सुमारास त्या लघवीला उठल्या आणि दोन पावलांत गुडघ्यांतून खाली बसल्या. पायांत त्राणच नव्हते. नवऱ्याला हाक मारली, तो उठेना. त्या रांगत दारापर्यंत गेल्या, टॉवेल ओढून काढला आणि कडी उघडली. गार वारा आत आला. त्यांची आरडाओरड ऐकून तोच मुलगा धावत आला.

रुग्णालयात दोघांना घट्ट बसणाऱ्या मास्कमधून प्राणवायू लावला. त्यातला हिशेब सोपा आहे. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर एक ते दीड तास पुरतो. रक्तातले नेमके प्रमाण मोजण्याची सोय लहान रुग्णालयात नसते, आणि पुस्तकातली ती लालबुंद त्वचा जिवंत रुग्णात क्वचितच दिसते. म्हणून डॉक्टरला ‘बंद खोलीत सिगडी होती’ एवढे एक वाक्य कुणीतरी सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर बेशुद्धीचे कारण अर्धांगवायूत किंवा मद्यात शोधण्यात वेळ जातो.

डोंगरावर न जाणाऱ्यांनीही आपल्या न्हाणीघरातला गॅस गिझर एकदा पाहावा. पाचसहा फुटांची बंद जागा, खिडकी लावलेली आणि आत ज्योत. आंघोळीला गेलेले माणूस आत पडलेले सापडते आणि घरचे फिट आली असे समजतात. गिझर न्हाणीघराबाहेर बसवणे, निदान झरोका कायम उघडा ठेवणे, एवढे तरी हवेच. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली तर दुरुस्तीवाल्याला बोलवा. हॉटेल ठरवताना वीज गेल्यावर खोली कशाने तापवता, हे विचारावे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत मिळतो. धुराचा अलार्म त्याचे काम करत नाही.

दोघे तिसऱ्या दिवशी घरी निघाले. निघताना डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितले, की पूर्ण बरे वाटल्यावरही काही आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात फरक, स्वभावात बदल असे दिसू शकते. महिना-दीड महिना लक्ष ठेवा. तेव्हापासून बाई रोज संध्याकाळी सहज विचारल्यासारखे विचारतात, आज मंडईतून काय काय आणलं, कितीला आणलं. गृहस्थांच्या लक्षात आले आहे. ते अधूनमधून मुद्दाम चुकीचा भाव सांगतात, आणि मग त्यांना चांगलेच ऐकून घ्यावे लागते.