भूमीचे मुद्दल

दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडु येथे मुक्तांबेच्या नावाने जे छत्र 1802 च्या सुमारास उभारले, तशा धर्मादाय संस्थांचे जमाखर्च तंजावरच्या दरबारी मोडीत लिहिले जात, आणि ते लिहिणाऱ्या कारकुनांना मुद्दल व उत्पन्न यांतील भेद पक्का ठाऊक असे; भूजलाच्या गणितास तो भेद उमगावयास मात्र विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले.

कार्ल टेरझागीने 1925 मध्ये दाखवून दिले होते, की वरच्या भूभाराचा काही हिस्सा मातीच्या कणांतील पाणी पेलते, आणि ते पाणी उपसले की तो भार कणांवर येऊन माती आकसते. वाळू पुष्कळशी पूर्ववत होते. चिकणमाती मात्र, पाण्याची पातळी पूर्वीच्या नीचतम पातळीखाली गेली की, कायमची दबते, आणि तिच्यातून निघालेले पाणी, म्हणजे भूमीचे मुद्दलच, पुन्हा कधीही जमा होत नाही. कॅलिफोर्नियात मेंडोटाजवळ जोसेफ पोलंडच्या 1977 च्या छायाचित्रातील खांबावर 1925 ची भूपातळी सुमारे 9 मीटर उंचावर लिहिलेली आहे. इतका ढळढळीत पुरावा असताही अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची 1984 ची ‘मॉडफ्लो’ ही भूजलाचे गणित मांडणारी प्रणाली साठ्यातून निघालेले सर्व पाणी परतफेडीचे धरून चालली, हे मला आजही नवलाचे वाटते.

दुरुस्ती 1991 मध्ये झाली: चिकणमातीच्या थरांसाठी लवचीक व अलवचीक असे दोन साठागुणांक आले, आणि नीचतम पातळी ही त्यांमधील सरहद्द ठरली. जाड थर वर्षानुवर्षे हळूहळू निथळतात, याची दखल ‘मॉडफ्लो’ला 2003 मध्ये जोडलेल्या भागात घेतली गेली.

तरीही खचलेली जमीन हा केवळ निकालाचा आकडा राहिला. तिच्यावरून वाहणारा कालवा कागदावर होता तेथेच होता. ही उणीव ‘मॉडफ्लो’च्या 2014 च्या ‘वन-वॉटर’ आवृत्तीने भरून काढली, आणि मेट्टूर धरणाबरोबर 1934 मध्ये सिद्ध झालेल्या कल्लणै कालव्यावर पिकणाऱ्या ओरत्तनाडूसारख्या मुलुखास सर्वांत महत्त्वाची तीच सुधारणा म्हणावी लागेल. कावेरीच्या सपाट प्रदेशात कालव्यांना उतार इतका बेताचा असतो, की तळ थोडा जरी विषम खचला तरी शेपटाकडील शेतास पाणी कमी पोचावे, मग तेथील शेतकऱ्याने कूपनलिका अधिक वेळ चालवावी आणि त्या उपशाने खालची चिकणमाती अधिकच दबावी. हे चक्र एकाच हिशेबात मांडण्याची सोय त्या आवृत्तीने केली.