इंचाला एक फूट : दुकानापुढचा उतार कसा असावा?

दुकान थाटताना आपण जोते रस्त्यापेक्षा उंच घेतो. पावसात गटार तुंबले तर पाणी आत शिरू नये, हा त्यामागचा विचार आणि तो रास्तच आहे. पण त्या दोन पायऱ्यांपाशी किती गिऱ्हाईक परत फिरते, याची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, काठी टेकणारे बुजुर्ग, गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्या बाया, बाबागाडी ढकलणारी आई ही सारी मंडळी सपाट उंबऱ्याचे दुकान शोधतात. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. खरेदीला निघताना त्यांच्यासोबत घरची माणसेही असतात, म्हणजे एका पायरीपायी सारे कुटुंब दुसरीकडे जाते.

काही दुकानदारांनी पत्र्याचा उतार बसवला आहे. तो बहुतेक स्कूटर आत घेण्यासाठी असतो. सहा इंचांच्या पायरीला दीड फुटाचा पत्रा! त्यावर खुर्ची चढवताना पुढची चाके उचलली जातात आणि माणूस पाठीवर पडण्याची भीती असते. असा उतार असून नसल्यासारखाच.

हिशेब सोपा आहे. उताराचे प्रमाण १ : १२ धरावे, म्हणजे इंचाला एक फूट. पायरी सहा इंच असेल तर उतार सहा फूट आणि दोन पायऱ्या मिळून बारा इंच होत असतील तर बारा फूट. रुंदी कमीत कमी चार फूट (१२०० मि.मी.) ठेवावी. वर आणि खाली पाच फुटांची सपाट जागा सोडावी, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घसरते. दोन्ही बाजूंना कठडा घ्यावा. त्याच्या दोन दांड्या असाव्यात, एक ३० इंचांवर आणि दुसरी ३६ इंचांवर. उताराच्या कडेला दोन-तीन इंचांची कड उचलून घेतली की चाक बाहेर जात नाही. पॉलिश केलेला ग्रॅनाइट शोभिवंत दिसतो, पण पावसाळ्यात त्यावर चांगला धडधाकट माणूसही घसरतो. खडबडीत कोटा किंवा चेकर्ड टाइल बरी.

बारा फूट जागा आणायची कुठून, असे विचारले जाईल. दर्शनी भिंतीला समांतर उतार काढता येतो. दुकान खोल असेल तर दाराजवळची जमीन खाली घेऊन उतार आतल्या बाजूला नेता येतो. तेही जमत नसेल तर ॲल्युमिनियमचा घडीचा उतार ठेवावा (माप तेच!) आणि खुर्चीवरच्या माणसाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर घंटीचे बटण लावावे. मात्र फुटपाथवर पक्के बांधकाम करू नये. ते अतिक्रमणात तुटते आणि अंध माणूस त्याला अडखळतो, ते वेगळेच.

कायद्याचेही पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतसुद्धा त्यात सार्वजनिक इमारत धरली आहे. व्यापाराच्या आणि धार्मिक जागाही त्यात येतात. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मापांचे नियम सक्तीचे आहेत की नुसत्या शिफारशी, हा घोळ बरीच वर्षे चालला. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत असे ठरवले आणि केंद्र सरकारला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करण्यास सांगितले. तेव्हा नवे दुकान किंवा गाळा बांधणाऱ्याने आजच हिशेबात धरलेले बरे. पाया भरताना उतार स्वस्तात होतो, नंतर तोडफोड महाग पडते.

आमच्या कारागीर बंधूंसाठी यात काम आहे. ज्या गवंड्याला, सुताराला आणि फॅब्रिकेटरला ही मापे तोंडपाठ, त्याला ठेकेदार शोधत येईल. सुताराने दार उघडल्यावर मोकळी जागा तीन फूट (९०० मि.मी.) मिळते की नाही ते पाहावे, चौकटीचे माप धरून चालत नाही. उंबरा अर्ध्या इंचाहून उंच नको. गोल मुठीऐवजी आडवा दांडा बसवला की हातात बळ नसलेला माणूसही कोपराने दार उघडतो. गल्ल्याचा एक भाग अडीच फुटांवर आणून खाली गुडघ्यांना जागा ठेवावी.

लादी बसवणाऱ्यांकडून पिवळ्या लाद्यांत हमखास चूक होते. ही लादी जपानच्या सेइची मियाके यांनी काढली आणि १९६७ साली ओकायामा शहरात प्रथम बसवली गेली. लांब पट्ट्यांची लादी म्हणजे ‘चालत राहा’ आणि ठिपक्यांची म्हणजे ‘थांब, पुढे पायरी किंवा वळण आहे’. शोभेसाठी दोन्हींची सरमिसळ केली तर अंध माणसाला आपण चुकीचा रस्ता दाखवतो.

मशिदीचे किंवा शादीखान्याचे काम मिळाले तर वजूखान्यात एक-दोन बैठका उंच घेऊन शेजारी धरायला दांडी बसवण्याचे कमिटीला सुचवावे. गुडघे दुखणारे नमाजी प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

काम धरण्यापूर्वी पाणसळ लावून पायरीची खरी उंची मोजावी, नुसत्या नजरेच्या अंदाजावर जाऊ नये. जमल्यास त्याच मापाची मजबूत फळी टाकून, मागे दोन माणसे उभी करून, खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला चढून पाहायला सांगावे. त्याने बरे म्हटल्यावरच माल कालवावा.