पाण्यात उलटी ठेवायची छत्री

नर्सरीत ‘अंब्रेला पाम’ म्हणून मिळणारं झाड पाम नव्हेच. कांद्याच्या वाफ्यातून कितीही खुरपला तरी पुन्हा उगवणारा आपला लव्हाळा, त्याच्याच कुळातलं हे. मूळ आफ्रिका आणि मादागास्करमधल्या ओलसर जागांचं, पण ओझरच्या अंगणात सुखाने वाढतं. विकत आणायची गरज नाही. शेजाऱ्यांकडची एक छत्री पुरते.

पूर्ण उघडलेली, हिरवीगार छत्री निवडावी. खाली दोन बोटं दांडी ठेवून कापावी. वरच्या पट्ट्या म्हणजे सहपत्रं, फुलोऱ्याखालची पानं. त्या अर्ध्यावर छाटाव्यात, नाहीतर मुळं फुटण्याआधीच त्यांतून पाणी उडून जातं.

आता ग्लासात पाणी घेऊन छत्री उलटी ठेवावी: पट्ट्या पाण्यात, दांडी वर. बहुतेकांचं इथेच चुकतं. फुलदाणीत ठेवल्यासारखी सरळ ठेवली की दांडी कुजते आणि दोष झाडाला. मुळं फुटतात ती सगळ्या पट्ट्या जुळतात त्या मधल्या गाठीतून. पाणी 2–3 दिवसांनी बदलावं. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं आणि हिरवे कोंब दिसतात. आपल्या निफाड तालुक्यातल्या कडाक्याच्या थंडीत मात्र काहीच हलत नाही. होळीनंतर लावलेलं बरं.

मुळं बोटभर झाली की कुंडीत लावावं. ‘निचरा हवा’ हा नेहमीचा सल्ला इथे विसरावा. काळी माती, थोडं शेणखत आणि खाली पाण्याने भरलेलं ताट. ताटातलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून कोरडं करावं, नाहीतर डास होतात. हौदात कुंडी ठेवणार असाल तर मातीवर खडी पसरावी आणि गप्पी मासे सोडावेत.

टोकं तपकिरी पडली की लोक आधी खत घालतात. त्याने बिघडतंच. कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसते का बघावं. ते बोअरच्या पाण्यातले क्षार. भरपूर पाणी ओतून माती धुवावी, जमल्यास पावसाचं पाणी द्यावं. खरपुडी नसेल, तर माती एकदा तरी सुकली होती असं समजावं.

कुंडी मुळांनी गच्च भरली की गड्डा करवतीने कापून वेगळा करावा. उरलेले तुकडे बाणगंगा नदीच्या काठी किंवा पाटात टाकू नयेत. फ्लोरिडात आणि ऑस्ट्रेलियात हेच झाड ओढ्यांकाठी तण होऊन बसलंय, आणि आपल्याच तालुक्यात नांदूरमधमेश्वर आहे, रामसर यादीतली पाणथळ जागा. तुकडे गच्चीवर कडकडीत वाळवावेत, मगच कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावेत.